डावीकडे ओढणारं विमान

विमान गवतात जाऊन थांबलं, इंजिन बंद झालं, धुरळा खाली बसला, आणि मग कॅप्टनबाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं:

"अहो, काय ब्रेक बसवलेत हे!"

शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान होते. त्यांनी आधी डोळे उघडले, मग आपले हातपाय जागच्या जागी आहेत ना ते चाचपून पाहिलं, आणि मग सावकाश म्हणाले, "ब्रेकला काही झालेलं नाही. तू तुझे पाय बघ."

झालं. विमानाला साधं खरचटलंही नव्हतं, डावा टायर तेवढा एका जागी घासून टकला झाला होता. पण या दोन वाक्यांनी जे पेटलं ते विझायला पुढचा सगळा आठवडा लागला.

बाई त्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकवत. यजमान तिथलेच फोरमन. क्लबचं विमान एकच, पुढे दोघं आणि मागे दोघं बसतील एवढं, आणि त्याची नटबोल्टापासून सगळी देखभाल फोरमनकडे. दोघांनी लग्नाच्या आधीच वाटणी करून टाकली होती. विमान जमिनीवर असेपर्यंत फोरमनचं, चाकं उचलली की बाईंचं. एकमेकांच्या हद्दीत नाक खुपसायचं नाही. संसार टिकला तो या एका नियमावर, असं बाई सगळ्यांना सांगायच्या. आता घोटाळा झाला तो मात्र नेमका बांधावर, विमान धड हवेत नाही आणि धड जमिनीवर नाही अशा वेळी. तो कुणाच्या हद्दीत धरायचा?

घडलं ते असं. मागची दोन्ही चाकं अलगद टेकली. नाक खाली आलं. बाई मनात म्हणाल्या, वा, काय उतरवलंय! आणि त्यांचं 'वा' पुरं व्हायच्या आत विमानानं डावीकडे ओढ घेतली. विमानात पायाशी दोन पेडलं असतात. ती ढकलली की शेपटीचं सुकाणू वळतं, आणि त्यांच्या वरच्या टोकावर चवडा दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. बाईंनी उजवं पेडल दाबलं, जीव खाऊन दाबलं. पण डाव्या चाकानं ब्रेक जो आवळून धरला होता तो काही सुटेना. टायर किंचाळला, जळक्या रबराचा वास आला, धावपट्टीची पांढरी कड पोटाखालून निघून गेली आणि समोर नुसतं गवत.

बाईंच्या सगळ्या कारकिर्दीत त्यांचं चाक गवताला लागलं नव्हतं. त्यांच्या शिष्यांची लागली होती, आणि त्यासाठी बाईंनी क्लबात एक रीत पाडली होती. ज्याचं विमान गवतात जाईल त्याचा फोटो क्लबच्या भिंतीवर उलटा टांगायचा, खाली डोकं वर पाय, पुढचा कुणीतरी गवतात जाईपर्यंत. शिष्य दात ओठ खात आणि पुन्हा सरळ उतरायला शिकत. दुसऱ्या दिवशी बाई क्लबात आल्या तर भिंतीसमोर सगळे शिष्य मान खाली घालून उभे. फोटोला हात लावायची कुणाची छाती होईना. बाईंनीच खुर्ची ओढली, वर चढल्या, स्वतःचा फोटो काढून उलटा टांगला आणि खाली बघून विचारलं, "सरळ आहे ना रे?"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण ते हसू खुर्चीवरून उतरेपर्यंतच टिकलं.

कारण हे प्रकरण फोटोवर भागण्यातलं नव्हतं. क्लबच्या सेक्रेटरींना बऱ्याच दिवसांपासून बाईंची जागा आपल्या भाच्यासाठी हवी होती. भाचा तसा वाईट नव्हता. तो कायम काळा चष्मा लावायचा, विमान ठेवायच्या हँगरच्या अंधारातही लावायचा, आणि त्यामुळे दर दोन दिवसांनी विमानाच्या पंखाला कपाळ धडकवून घ्यायचा. सेक्रेटरी मात्र फार गोड बोलायचे. "बाई, तुम्ही क्लबासाठी किती झिजलात! आता कुणीतरी तुमची काळजी घ्यायला हवी." असं कुणी बोललं की बाई आधी आपली खुर्ची जागेवर आहे का बघत.

आता तर तपासनीस येणार होते. ते ठरवणार, दोष ब्रेकचा की पायांचा. ब्रेकचा ठरला तर फोरमनचं प्रमाणपत्र जाणार. पायांचा ठरला तर बाईंनी जागा सोडायची, आणि सेक्रेटरींच्या घरी सुंठीवाचून खोकला जाणार. म्हणजे नवराबायकोपैकी एकाचं काम जाणार हे नक्की होतं, आणि तोवर दोघांना एकाच टेबलावर जेवायचं होतं.

फोरमननी पहिल्याच संध्याकाळी त्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि डाव्या चाकाचा ब्रेक सुटा करून त्यावर मांडला. पिस्टन, पॅड, रबरी सील, एकेक नट. बाईंचं ताट त्यांनी कोपऱ्यात सरकवलं.

"बघ. कुठे ओरखडा आहे? कुठे कचरा आहे? ब्रेक ऑइल बघ, पाण्यासारखं स्वच्छ. पिस्टन बघ, आरशासारखा."

"आरसा आहे तर तुमचंच तोंड बघा त्यात."

"टायर एका जागी घासलाय, म्हणजे ब्रेक लागला होता हे मी मान्य करतो. पण हा ब्रेक आपोआप लागणारा नव्हे. कुणीतरी दाबला म्हणूनच लागला."

"मी डावा दाबला? विमान डावीकडे पळतंय आणि मी डावा दाबीन? वेड लागलंय का मला?"

"नाचता येईना अंगण वाकडं," फोरमन पिस्टन पुसत म्हणाले.

"अंगणाला मी नावं ठेवलेली नाहीत. ब्रेकना ठेवलीत. आणि जेवायच्या टेबलावर तेल सांडलंत तर तुम्हाला नावं ठेवीन."

असं दोन दिवस चाललं. बाईंची जीभ मूळचीच तिखट, आणि फोरमन सावकाश बोलणारे पण बोललेलं मागे न घेणारे. दोघांनाही भांडण जमत होतं. तिसऱ्या दिवशी मात्र बाईंच्या बाजूनं दारूगोळा संपत आला. कारण त्यांना ठाऊक होतं, फोरमन ब्रेकबद्दल खोटं बोलणार नाहीत. हा माणूस बायकोच्या स्वयंपाकाबद्दल खोटं बोलेल, नातेवाइकांच्या तब्येतीबद्दल बोलेल, पण नटाबद्दल नाही. ते ब्रेक चांगला म्हणतात तर तो चांगलाच असणार.

मग राहिलं काय? पाय.

बाई जेवताना टेबलाखाली पाय हलवून बघू लागल्या. डावा म्हटलं की डावा हलतो ना? उजवा म्हटलं की उजवाच ना? आंघोळीच्या वेळी त्यांनी दोन्ही पाय नीट न्याहाळले. तेच पाय, त्याच टाचा, करंगळीचं तेच वाकडं नख. पण वय झालं की पाय मालकिणीला न विचारता काही करायला लागतात काय? आपण उजवा दाबतोय असं वाटावं आणि डावा दाबला जावा? त्यांना भीती वाटली. जागा जाण्याची भीती वेगळी, ती सेक्रेटरींवर रागावून घालवता येत होती. ही भीती कुणावर रागावूनही जाईना. त्या सकाळी त्यांनी एका शिष्याचा फळ्यासमोरचा पाठ रद्द केला आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. बाईंचं डोकं दुखतं हे क्लबात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

घरी फोरमननी हे सगळं टिपलं असावं. कारण त्या दिवशी जेवताना ते एकदम म्हणाले, "त्या सीलमध्ये कसलातरी कण होता बहुतेक."

बाईंनी घास खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"कण. बारीक. अडकला असेल पिस्टनला."

"परवा पाण्यासारखं स्वच्छ होतं."

"परवा चष्मा पुसलेला नव्हता."

"माझी कीव करू नका," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "भांडायचं तर भांडा. दिवसभर भांडा. पण मला म्हातारी समजून माझ्यासाठी खोटं बोलायला लागलात तर मी उद्यापासून तुमच्याशी बोलणार नाही."

फोरमननी आणखी एक पोळी वाढून घेतली. भांडण थांबलं तसं घर जास्तच वाईट वाटायला लागलं.

तपासनीस यायचे त्या सकाळी दोघं गाडीतून क्लबाकडे निघाले. गाडी नेहमी बाई चालवत. फोरमन शेजारी बसत, आणि तिथं त्यांचा एक वेगळाच उद्योग चाले. पुढे ट्रक दिसला, सायकल आडवी आली, कुत्र्यानं रस्ता ओलांडायचा नुसता विचार जरी केला, की फोरमनचा पाय खालची मॅट दाबायचा. शेजारच्या सीटसमोर ब्रेक नसतो, पण त्यांच्या पायाला ते कधी पटलं नव्हतं. उजवा गुडघा दुखायचा म्हणून काम सगळं डाव्यावर. बाईंनी यावरून त्यांची इतकी वर्षं इतकी थट्टा केली होती की आता थट्टाही जुनी होऊन गेली होती. दाबून दाबून त्या मॅटला डाव्या बाजूला भोक पडलं होतं.

वळणावर एक टेम्पो थांबलेला होता. बाईंनी आरामात वेग कमी केला. शेजारून 'हुं' असा आवाज आला आणि डावा पाय भोकात गेला.

बाईंनी भोकाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग पुन्हा भोकाकडे.

विमानात शेजारच्या सीटपुढेही पेडलं असतात. अगदी तश्शीच, ब्रेकसकट. शिकाऊ एकीकडे आणि शिकवणारा दुसरीकडे बसतो, दोघांना लागतात म्हणून. आणि त्या दिवशी त्या सीटवर कोण होतं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटल्या. इतक्या की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फोरमन घाबरले.

"अगं काय झालं? बरं वाटत नाही का? मी चालवू?"

"नको!" बाई कशाबशा म्हणाल्या. "तुम्ही काहीच चालवू नका."

दोषी पाय फोरमनचे होते! म्हणजे आपले पाय आपलेच होते, शाबूत होते, शहाणे होते. बाईंना त्या पायांचे मुके घ्यावेसे वाटले. गाडी पुन्हा सुरू करून त्या बरंच अंतर आनंदात गेल्या, आणि मग एका विचारासरशी तो आनंद ओसरला.

विमानात कुणीही पहिल्यांदा बसलं की बाई त्याला एक वाक्य सांगत. पाय मागे घ्या, पेडलला लावू नका. डॉक्टर असो, पुढारी असो, स्वतःची आई असो, हे वाक्य चुकत नसे. नवऱ्याला मात्र त्या दिवशी त्यांनी ते सांगितलं नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. फोरमन विमानात बसतच नसत. 'शिंपी गिऱ्हाइकाचा सदरा घालून हिंडतो का?' असं विचारायचे. खरं कारण बाईंना ठाऊक होतं, हा माणूस दिवा बदलायला स्टुलावर चढला तरी त्याची पाचावर धारण बसायची. त्या दिवशी कुठून अवसान आलं कुणास ठाऊक, 'नव्या पॅडची चाचणी घेतो' म्हणून आपण होऊन चढले. आणि बाई गप्प बसल्या, कारण ती पेडलं फोरमननीच स्वतःच्या हातानं बसवलेली. ज्यानं पेडल बसवलं त्याला पेडल म्हणजे काय हे काय सांगायचं?

पण सांगायला हवं होतं. विमानात कोण काय करतो याला जबाबदार विमान चालवणारा, हे बाई स्वतःच फळ्यावर लिहून द्यायच्या. म्हणजे चूक फिरून त्यांच्याच दारात आली होती. फोरमनना त्या काही बोलल्या नाहीत. अजून बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

क्लबच्या खोलीत तपासनीस आधीच येऊन बसले होते. वाळका, न हसणारा माणूस. पाठीचं दुखणं असल्यानं त्यांनी स्वतःची उशी आणली होती आणि ती खुर्चीत ठेवून तिच्यावर ते बसले होते. सेक्रेटरी शेजारी हात चोळत उभे. भाचा खिडकीपाशी, चष्म्यासकट, आणि दारात शिष्यांची गर्दी.

बाई तोंड उघडणार एवढ्यात फोरमन उभे राहिले. "साहेब, दोष ब्रेकचा आहे. माझ्या हातून सीलमध्ये कचरा राहिला. लिहून घ्या."

"ते सील दाखवा," तपासनीस म्हणाले.

"टाकून दिलं."

खोलीत खसखस पिकली. फोरमन वाकडा खिळासुद्धा टाकत नसत, ठोकून सरळ करून डब्यात ठेवत. ते सील टाकतील यावर भिंतीवरच्या फोटोंचाही विश्वास बसला नसता. फोरमनचे कान लाल झाले.

"साहेब, ते खोटं बोलतायत," बाई म्हणाल्या. "सवय नाही म्हणून जमत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आपण विमानात बसू या. मी, हे, आणि मागे तुम्ही. उडायचं नाही, नुसतं पट्टीवर जोरात पळवायचं आणि थांबवायचं."

सेक्रेटरींनी जपून जपून विरोध केला, तपासनिसांनी तो ऐकलाच नाही. त्यांनी उशी काखेत मारली आणि चालू लागले. चढताना बाई त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "पुढे बघू नका. यांच्या पायांकडे बघा."

फोरमन बसले. नवा टायर होता, ब्रेक त्यांनी पुन्हा जोडला होता, त्याबद्दल त्यांना काडीची शंका नव्हती. शंका होती ती बाकी सगळ्याबद्दल. त्यांनी सीटच्या कडा धरल्या.

बाईंनी वेग दिला. विमान धावायला लागलं, पांढरे पट्टे भराभर पोटाखाली जायला लागले, आणि बाईंनी एकदम इंजिनाचा जोर काढून घेतला. पट्टीचं टोक अजून लांब होतं, कुणीही शहाणा माणूस निवांत बसला असता. फोरमननी डोळे मिटले. डावा पाय उचलला गेला, पुढे सरकला आणि पेडलच्या टोकावर जाऊन बसला. विमानानं डावीकडे ओढ घेतली. या वेळी बाई तयार होत्या. त्यांनी उजवीकडून विमानाला आवरलं आणि ओरडल्या, "अहो, पाय!"

फोरमननी डोळे उघडून खाली पाहिलं. आपला बूट पेडलवर बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्याच कुणाचा पाय आपल्या पँटमध्ये सापडावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

"हा कधी गेला तिथं?" ते म्हणाले.

मागून तपासनिसांनी घसा खाकरला. "माझ्या डोळ्यांदेखत गेला."

विमान थांबल्यावर फोरमन उतरले आणि पट्टीच्या कडेला गवतात जाऊन बसले. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. काय टोमणा मारावा याची त्यांनी गाडीतच तयारी केली होती, चांगले तीनचार काढून ठेवले होते. पण नवऱ्याची पडलेली मान बघून त्यांना एकही मारवेना.

"अहो, पण तुम्ही त्या दिवशी बसलातच का विमानात? पॅडची चाचणी मीच घेते की नेहमी."

फोरमन गवत उपटत राहिले. मग म्हणाले, "मी चाकाशी खाली पडून काम करत होतो. सेक्रेटरी आणि भाचा वर बोलत होते. सेक्रेटरी म्हणाले, हल्ली बाई तिरक्या उतरतात, पाय थरथरतात त्यांचे. मला इतका राग आला! पण मी काय बोलणार? मी तुझ्याबरोबर कधी बसलेलोच नाही. म्हटलं, एकदा जीव मुठीत धरून बसायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि मग चारचौघांत छातीठोकपणे सांगायचं, माझी बायको सरळ उतरते."

"मग? बघितलंत?"

"डोळे मिटलेले होते."

बाईंना हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम आल्यामुळे घशातून भलताच आवाज निघाला. या माणसाला साक्षीदार व्हायचं होतं, आणि त्यानंच गुन्हा करून ठेवला होता. इतक्या वर्षांत त्यांना नवऱ्याचा इतका राग आणि इतकं प्रेम एका वेळी कधी आलं नव्हतं. त्यांनी त्याच्या दंडावर एक चापट मारली.

तेवढ्यात तपासनीस उशी घेऊन येऊन उभे राहिले. मागोमाग सेक्रेटरीही आले. "एकच प्रश्न," तपासनीस म्हणाले. "प्रवाशाला पाय पेडलपासून लांब ठेवायची सूचना दिली होती?"

"दिली होती!" फोरमन उसळून म्हणाले. "चांगली खडसावून दिली होती. मीच ऐकलं नाही."

तपासनिसांनी मान हलवली. "हे मात्र पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. त्यांच्या स्वरावरून तेही संसारी गृहस्थ असावेत असं वाटलं.

बाईंनी नुसती मान डोलावली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. ब्रेक निर्दोष, पाय निर्दोष, आणि नवरा बायकोचं ऐकत नाही यात नवीन ते काय? बाईंना मोह झाला. चांगलाच झाला. पण उद्या सकाळी एखादा नवा शिष्य येईल आणि त्याला पहिलं वाक्य तेच शिकवायचं असेल. ते शिकवताना जीभ अडखळली तर?

"नाही दिली," त्या म्हणाल्या. "विसरले नाही. गरज वाटली नाही म्हणून दिली नाही. चूक माझी आहे."

फोरमननी कपाळाला हात लावला. सेक्रेटरींचा चेहरा खुलला. "पाहिलंत साहेब? म्हणजे शेवटी बाईंचीच चूक. वयोमानानं होतं असं. आमची काही तक्रार नाही, आम्ही त्यांचा छानसा निरोप समारंभ..."

"चूक आहे, ती मी लिहिणार," तपासनीस म्हणाले. "पण मला इथं पाठवलंय ते दोष ब्रेकचा की बाईंच्या पायांचा हे ठरवायला. बाईंना विमान सरळ उतरवता येतं का, ते अजून मी बघितलेलं नाही. मगाशी मी सगळा वेळ यांचा बूट बघत होतो. चला, आता उडवा. हाच प्रवासी घ्या, आणि या वेळी सूचना द्या."

फोरमनचा चेहरा पांढरा पडला. "माझे पाय बांधून टाक," ते बाईंना म्हणाले. "एका बुटाची नाडी दुसऱ्याला बांध. माझा भरवसा नाही."

"नियमात बसत नाही," तपासनीस म्हणाले.

मग बाईंनी विमानात बसून, पट्टा आवळून, यजमानांकडे वळून सूचना दिली. कुणाही परक्याला द्यावी तशी, एकही शब्द न गाळता. "पाय मागे घ्यायचे. पेडलला लावायचे नाहीत. भीती वाटली तर मला सांगायचं, पायाला सांगायचं नाही."

"आणि डोळे?" फोरमननी विचारलं.

हे बाईंच्या नेहमीच्या सूचनेत नव्हतं. "उघडे," त्या म्हणाल्या.

विमान उडालं, एक मोठी फेरी मारून परत फिरलं. दोन्ही हातांनी फोरमननी आपला डावा गुडघा असा धरून ठेवला होता, जसा चोर धरून ठेवावा. समोर धावपट्टी दिसायला लागली, आधी बोटाएवढी, मग रुंद होत होत. वारा थोडा आडवा होता, पंख जरासा खाली धरावा लागत होता, आणि मागे एक न हसणारा माणूस बसला होता. आता पाय आपले आहेत की नाहीत ते कळणार. शेजारून हुंदक्यासारखा श्वास ऐकू आला. बाईंनी तिकडे बघितलं नाही.

चाकं टेकली. आधी एक, मग दुसरं, मग नाक. पांढरा पट्टा नाकासमोर आला तो तिथंच राहिला, सुईत ओवल्यासारखा. बाईंनी चवडे हलके दाबले, दोन्ही सारखे, आणि दोन्ही ब्रेक सारखे लागले. फोरमनचे ब्रेक खरोखरच उत्तम होते.

"अगं," शेजारून आवाज आला. बाईंनी मान वळवली. फोरमन समोर बघत होते, डोळे सताड उघडे, त्यांतून पाणी वाहतंय आणि ते पुसायला हात मोकळा नाही, कारण गुडघा अजून धरलेला. "अगं, किती सरळ उतरतेस गं तू!"

विमान हँगरकडे वळलं. सेक्रेटरी, भाचा आणि शिष्य सगळे तिथं उभे होते. इंजिन अजून चालू होतं. फोरमननी एकाएकी गुडघा सोडला, बाजूची छोटी खिडकी उघडली, वाऱ्यात डोकं बाहेर काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं ओरडले, "सरळ उतरते! मी स्वतः बघितलंय! माझी बायको सरळ उतरते!"

मागच्या सीटवरून तपासनिसांनी उशी सारखी केली.

"फोरमन, मीही तेच लिहितोय," ते म्हणाले. "खिडकी लावा, कागद उडतायत."